दुसरा चार्जर

चार्जर ओट्यावरच राहिला होता.

तो हातात घेऊन मी गॅलरीत धावले, पण तोवर सुकुमार कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी वळलेसुद्धा होते. पाठीवर काळी सॅक, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि पॅडल मारलं नाही तरी पुढं पळणारी ती बॅटरीची सायकल. "अहो, चार्जर!" मी ओरडले. खालच्या दूधवाल्यानं वर बघितलं, यांनी नाही.

आदल्या रात्री लाइट गेली होती ती उजाडेपर्यंत आलीच नव्हती. निघताना हँडलवरच्या छोट्या पडद्याकडं बघत ते म्हणाले होते, "एकच कांडी उरलीय. जाईपर्यंत पुरेल. तिथं लावतो चार्जिंगला." आणि चार्जर तर माझ्या हातात. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं ती जड सायकल कुपवाडच्या एमआयडीसीतून सांगलीपर्यंत निव्वळ पायांनी मारत आणायची! दिवसभर पतसंस्थेच्या काउंटरवर बसून मला तेच दिसत होतं. संध्याकाळी मी पाणी तापवून ठेवलं, गुडघ्याला चोळायचं तेल काढून ठेवलं.

त्यांना उशीर झाला. मी समजून चालले की पाय ओढत येत असणार. ते आले ते शीळ घालत. अंगावर घाम नाही, चेहरा ताजा. मी तांब्या घेऊन जिन्याखाली गेले तेव्हा ते सायकलीला कुलूप लावत होते. माझी नजर पडद्यावर गेली. चार कांड्या.

"चार्ज कुठं केलीत?"

"कारखान्यात."

"कशानं? चार्जर इथंच राहिला होता."

ते खिशात किल्ली शोधायला लागले. किल्ली कुलपातच होती.

"एकाचा मागून घेतला," ते म्हणाले. "आता दोघातिघांनी घेतल्यात असल्या सायकली."

मी पाणी दिलं. ते प्यायले. तेलाची वाटी मी गुपचूप कपाटात ठेवली.

*

सायकल घ्यायची कल्पना त्यांचीच. एका रविवारी पेट्रोल भरून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "एकट्या माणसानं रोज ही गाडी घेऊन कारखान्यात जायचं म्हणजे हत्तीवरून भाजी आणायला गेल्यातली गत आहे." महिन्याभरात सायकल दारात आली. गाडीची किल्ली माझ्याकडं आली. पेट्रोलचे वाचतील ते बाजूला टाकायचे आणि दोघांनी शिखरजीची यात्रा करायची, असं ठरलं. ठरवलं त्यांनीच, मी फक्त हो म्हटलं. पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. आमच्या दोघांच्या नावानं पुढं काहीतरी ठरतंय, असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं होतं.

मी त्यांची दुसरी बायको. पहिली त्रिशला. ती आजारानं गेली, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी नातेवाइकांनी आमचं जमवलं. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली. वडिलांचं आजारपण काढता काढता लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. "माणूस चांगला आहे, बोलतो कमी," असं मला आधीच सांगितलं होतं. ते खरं निघालं. दोन्ही बाबतीत.

त्रिशलाबद्दल त्यांनी माझ्यासमोर कधी चकार शब्द काढला नाही. ते काम लोक करायचे. जैन बस्तीत दर्शनाला गेले की कुणीतरी म्हणायचंच, "त्रिशलाच्या हातचं कडबोळं खाल्लं होतं हो, अजून चव आहे." माझं कडबोळं खाताना म्हणायचं. मी घरात पाऊल टाकायच्या आधीच त्यांनी तिचा फोटो भिंतीवरून काढला होता. लोकांना यात त्यांचा समंजसपणा दिसला. मला नाही दिसला. भिंतीवरून काढून कुठं ठेवला? ते कारखान्यात गेले की मी कपाटं, पेट्या, माळा सगळं धुंडाळलं. सापडला नाही. म्हणजे इतका जपून ठेवला होता.

जिवंत सवत असती तर भांडता तरी आलं असतं. ही म्हातारी होत नाही, हिची भाजी करपत नाही, ही कुणाला उलट बोलत नाही. आम्ही दोघं गप्प बसून जेवत असलो की मला वाटायचं, ते तिच्याशी बोलतायत. मनातल्या मनात. माझ्या हातची आमटी खात.

*

चार्जरचं मी जवळजवळ सोडून दिलं होतं. पण पुढच्याच आठवड्यात जयसिंगपूरला एका लग्नात यांच्या कारखान्यातले, स्टोअरचे चौगुले भेटले. पंगतीत माझ्या शेजारी त्यांची बायको, पलीकडं ते.

"काय वहिनी, आमचा साहेब एकदम बारीक झालाय. सायकलीनं कमाल केली."

"तुम्हीपण घ्या की," मी म्हटलं. "दोघातिघांनी घेतल्यात म्हणे तुमच्याकडं. चार्जिंगची सोय तर आहेच कारखान्यात."

"छे हो! चार्जिंगला परवानगीच नाही. मागं कुठं तरी बॅटरी पेटली, तेव्हापासून गेटवरचा माणूस चार्जर दिसला की बाजूला काढून ठेवतो. आणि दोघंतिघं कुठले? सुकुमार एकटाच आहे." मग ते हसले. "पाचचा भोंगा झाला की सगळ्यांच्या आधी पळतो तो. तुम्ही काय जादू केलीत कुणास ठाऊक. आम्हाला सहापर्यंत घरची आठवण होत नाही."

पुढ्यातली जिलबी मी तशीच ठेवली. पाचला सगळ्यांच्या आधी पळणारा माणूस आमच्या घरी सात वाजता पोचत होता.

सांगायला विचित्र वाटतं, पण त्या घासाला मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटका. कुणीतरी जिवंत बाई आहे. तिला घर आहे, तिच्या घरात प्लग आहे, त्या प्लगला लावून ठेवलेला एक दुसरा चार्जर आहे. तिला आवाज असेल, पोट सुटलेलं असेल, चुका असतील. हिच्याशी मला दोन हात करता येतील. रागाची लाट मागाहून आली. ती आली तेव्हा मात्र लग्नाच्या मांडवातून उठून नळावर जाऊन तोंड धुवावं लागलं.

*

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली. त्या वेळी लक्षात आलं नाही, पण पेट्रोल वाचवणाऱ्या नवऱ्यामागं मी पेट्रोल जाळत निघाले होते. पावणेपाचला कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीपलीकडं, एका ट्रकच्या आडोशाला, काचा वर करून बसले. उन्हाळा होता. एसी लावला तर इंजिनाचा आवाज होईल म्हणून लावला नाही.

भोंगा झाला. चौगुले म्हणाले होते तसंच, सगळ्यांच्या आधी पिवळं हेल्मेट बाहेर आलं. सांगलीकडं न वळता मिरजेकडं वळलं.

सायकलमागं गाडी चालवून बघा कधी. जवळ गेलं तर दिसू, मागं राहिलं तर चुकू. मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत, शिव्या घालतायत, मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रस्त्याच्या कडेनं सरपटत चाललेय. ते मात्र मजेत होते. वाऱ्यानं शर्ट फुगलेला, चढ आला की दोनचार पॅडल, उतारावर पाय मोकळे. मधेच एका हातानं त्यांनी मांडीवर ताल धरला. माझ्या नवऱ्याला ताल धरता येतो, हे मला गाडीच्या काचेतून कळलं.

मिरजेत शिरल्यावर ते एका खानावळीपाशी थांबले. आतून एका माणसानं डबा आणून दिला, यांनी तो हँडलला अडकवला. मग हेल्मेट काढलं, पानटपरीच्या आरशात बघितलं, खिशातून कंगवा काढून केस विंचरले. नीट, भांग पाडून. आमच्या घराचा जिना चढताना त्यांनी कधी केसांवरून हातसुद्धा फिरवला नव्हता.

सतारी बनवणाऱ्यांच्या बाजूच्या एका बोळात ते वळले. गाडी आत जाण्यासारखी नव्हती. मुख्य रस्त्यावर लावून मी चालत गेले. कुठल्या तरी दुकानात कुणी तारा लावत होतं, एकच सूर पुन्हा पुन्हा. बोळाच्या टोकाला एक बसकं घर. दाराशी सायकल. सायकलीतून एक काळी वायर उंबऱ्यावरून आत गेलेली.

खिडकी उघडी होती. आत पलंगावर एक म्हातारी, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. सुकुमार खाली बसून डब्याचे पुडे वेगळे करत होते, भाकरीचे तुकडे करून ताटात ठेवत होते. बोलत होते. मला शब्द ऐकू येत नव्हते, पण ओठ हलताना दिसत होते. आमच्याकडं आठवडाभरात बोलतील तेवढं ते त्या वेळेत बोलले असतील.

म्हातारीला मी ओळखलं. लग्नाच्या दिवशी एकदाच बघितलं होतं. मागच्या रांगेत बसून अक्षता टाकून, न जेवता निघून गेली होती. त्रिशलाची आई, पद्माक्का.

बाजूला देव्हाऱ्याजवळ, मी माळ्यावर शोधला होता तो फोटो.

म्हणजे जिवंत बाई नव्हतीच कुणी. तीच होती. वाचवलेलं पेट्रोल, शीळ, ताल, विंचरलेले केस, सगळं तिच्यासाठी. मी आल्या पावली मागं फिरले. सात वाजता ते घरी आले तेव्हा मी विचारलं, "उशीर झाला?"

"वारा समोरून होता," ते म्हणाले.

*

दोन दिवस मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून दुपारीच मिरजेला गेले. गाडी त्याच जागी लावली. दार उघडंच होतं.

"कोण?" आतून आवाज आला.

"मी शैलजा. सुकुमारांची..." पुढचा शब्द अडकला.

"बायको. म्हण की. म्हटल्यानं काय जीभ झडतीय?"

मी आत गेले. अक्का पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे बारीक करून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"त्यानं धाडलं?"

"नाही. त्यांना ठाऊक नाही मी आलेय ते."

"मग भांडायला आलीस."

"हो."

"बस तर. उभ्यानं भांडण रंगत नाही."

मी खुर्चीवर बसले. बरोबर फोटोसमोर. गोल चेहरा, जरासे पुढं आलेले दात, आणि फोटो काढणाऱ्याला काहीतरी सांगायला तोंड उघडल्यासारखी. सुंदर नव्हती. मला वाटलं होतं सुंदर असेल.

येताना गाडीत मी बोलायचं सगळं जुळवलं होतं. पण तोंड उघडलं आणि वेगळंच बाहेर आलं. "तुम्हाला बघायला येऊ नका असं मी कधी म्हटलं नसतं. हात मोडला, डबा लागतो, सगळं मी केलं असतं. पण माझ्याशी खोटं बोलून यायचं? रोज? मला कळतं ते कशाला येतात. ते तिच्यासाठी येतात. घरी माझ्यासमोर तोंडाला कुलूप, आणि इथं येऊन रोज तिच्या आठवणी काढायच्या."

अक्का माझ्याकडं बघतच राहिल्या. मग हसल्या, पण त्या हसण्यात हसू नव्हतं.

"तिच्या आठवणी?" त्या म्हणाल्या. "अगं, तसा आला असता तर मी त्याच्या पाया पडले असते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! न्हाणीत पडून माझा हात मोडला तवापासून रोज येतंय पोरगं. ती होती तोवर मी अहो-जाहो करत होते, ती गेल्यावर पोरगाच झाला तो माझा. दिवस मावळायच्या आत मला जेवाय लागतंय म्हणून पळत येतो. डबा उघडतो, भाकरी मोडून देतो. अन् तोंड उघडलं की तुझं पुराण. शैलजानं काल पतसंस्थेत मॅनेजरला कसं गप्प केलं. शैलजा भाकरी थापताना गुणगुणती, आपण हळूच जाऊन ऐकायचं, बघितलं की थांबती. शैलजाला बेडकाचं भ्या वाटतंय." त्यांनी डाव्या हातानं पलंगावर थाप मारली. "मला काय करायचंय तुझ्या बेडकाचं?"

मी गुणगुणते हे मला माहीत नव्हतं.

"मी वाट बघते," अक्कांचा आवाज खाली आला. "आज तरी माझ्या पोरीचं नाव त्याच्या तोंडातनं येईल म्हणून. मीच विषय काढते. म्हटलं, तिला हे वांगं आवडायचं. की लगेच उठतो, सायकलीची कांडी वाढली का बघायला जातो. कांडी वाढली की निघाला. एकदा मी काय केलं, तो पाणी आणायला आत गेला तवा हळूच बटणच बंद केलं. म्हटलं कांडी वाढणार न्हाई, बसंल जरा. बसला. अन् आणखी अर्धा तास तुझंच ऐकवलं मला."

बाहेर कुणीतरी तार पिळत होतं. सूर वर वर चढत जाऊन थांबला.

"मी तुझा राग करते," अक्का म्हणाल्या. "तोंडावर सांगते, लपवत नाही. तुझ्या लग्नात माझ्या घशाखाली घास उतरेना. तो म्हणतो तुझा आवाज गोड हाय. म्हटलं एकदा ऐकावा. एवढा काय गोड न्हाई."

मला हसू आलं. आवरलं नाही. अक्कांनी रागानं बघितलं, मग त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला. या बाईला माझा जो त्रास होत होता तोच मला तिच्या मुलीचा होत होता, आणि तो देणारा माणूस एकच होता, भाकरी मोडून देणारा, केस विंचरून येणारा.

"केस कशाला विंचरतात इथं येताना?" मी विचारलं.

"विस्कटलेले घेऊन आला की मी आत घेत न्हाई. तिच्या वेळेपासनं."

मी फोटोकडं बघितलं. ती अजून काहीतरी सांगायच्या बेतात होती.

"तिचं सांगा मला," मी म्हटलं.

यात मोठेपणा काही नव्हता. इतकी वर्षं जिच्याशी मी लढत होते तिच्याबद्दल मला कडबोळ्यापलीकडं काही माहीत नव्हतं. मला बघायचं होतं, काय होतं तिच्यात.

"ऐकवंल तुला?"

"नाही. तरी सांगा."

अक्कांनी प्लास्टरवरून बोट फिरवलं. मग बोलायला लागल्या, आणि पहिल्या वाक्यानंतर त्यांना माझी गरज उरली नाही. त्रिशला अखंड बोलायची. झोपेतसुद्धा. सायकल, लुना, जे मिळेल ते चालवायची. सुकुमारांना तेव्हा काहीच चालवता येत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दोघं लुनावरून माहेरी आली, ती पुढं, हे मागं.

"सगळी गल्ली बघायला दारात. जावई बायकोच्या मागं बसून येणार म्हणून! लुना आली. ही पुढं बसून बडबडतीय, मान मागं न वळवता. दारात थांबली तरी बोलतीय. आणि मागं कोण न्हाईच!"

"म्हणजे?"

"रेल्वेच्या फाटकात लुना थांबली, तवा हा उतरला पाय मोकळे करायला. फाटक उघडलं, ही निघाली. हा मागंच राहिला. हिला पत्ताच न्हाई! तिथनं इथवर एकटीच बोलत आली नवऱ्याशी. मी म्हटलं, अगं जावई कुठाय? मागं वळून बघितलं, अन् असं किंचाळली..."

अक्का हसता हसता डोळे पुसत होत्या. मीही हसत होते. त्याच वेळी दाराशी सायकलची घंटी वाजली.

सुकुमार उंबऱ्यात उभे. एका हातात डबा, दुसऱ्यात हेल्मेट. केस विंचरलेले.

"गाडी रस्त्यावर दिसली," ते म्हणाले. नजर माझ्यावरून अक्कांवर, अक्कांवरून माझ्यावर. "शैला, मी सांगणारच होतो. डब्याचे पैसे त्यातूनच... शिखरजी जरा लांबलं. तुला वाईट वाटेल म्हणून मी..."

"ते नंतर," अक्का मधेच म्हणाल्या. "आधी मला सांग. त्या दिवाळीला, फाटकापाशी ती तुला टाकून आली. परत न्यायला गेली, दोघं आलात, पण तिथं काय झालं ते तुम्ही कधी बोललाच न्हाई. तिला विचारलं तर नुसती हसायची. काय झालं होतं?"

त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. घाबरलेल्या माणसासारखं बघितलं. मला कळत होतं की मी आता पाणी आणायच्या निमित्तानं जरी उठले, तरी ते कधीच सांगणार नाहीत. या बाईला नाही आणि मलाही नाही. सायकलीकडं जातील आणि कांडी बघतील.

मी खुर्चीचा दांडा धरून ठेवला.

"सांगा की," मी म्हटलं. "चालत निघालात?"

ते हळूच खाली बसले. डबा मांडीवर ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "तिथंच बसलो. फाटकाच्या कडेला दगड होता एक. एक ओळखीचा मोटारसायकलवाला थांबला, म्हणाला सोडतो. मी म्हटलं नको. ती येईल परत आणि मी नसलो तर... घाबरेल."

"मग?" मी विचारलं.

"बराच वेळ गेला. अंधार पडायला आला. मग लांबून लुना दिसली. मला वाटलं रडत असेल, नाहीतर माझ्यावर ओरडेल, उतरलातच कशाला म्हणून." त्यांचा आवाज बारीक झाला, आणि मग मी तो कधी ऐकला नव्हता असा उघडला. "माझ्यापुढं येऊन थांबली. इंजिन बंदसुद्धा केलं नाही. म्हणाली, कुठवर ऐकलं होतंत? तिथनं पुढं सांगते."

अक्का इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. सुकुमारही हसत होते, खांदे हलवून, तोंडावर हात धरून, आणि त्यांच्या बोटांमधून पाणी गळत होतं. मीही हसले. मला ती आवडली. याहून वाईट काही होऊ शकलं नसतं.

मग मी उठले, डबा त्यांच्या मांडीवरून घेतला आणि अक्कांना भाकरी मोडून दिली. ऊन खिडकीतून सरकत चाललं होतं आणि त्यांना दिवस मावळायच्या आत जेवायचं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. अक्का त्यानंतर तीन उन्हाळे होत्या. हात बरा झाल्यावरही डबा चालू राहिला. आठवड्यातले दोन दिवस मी जायचे, तेव्हा आम्ही फक्त त्रिशलाचं बोलायचो. त्या दर वेळी म्हणायच्या, "आज तुझा काय विषय न्हाई हां," आणि मी म्हणायचे, "नाही." घरी परतताना दर वेळी माझ्या छातीत ती जुनी कळ यायची. ती गेली, असं मी म्हणणार नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी सुकुमारांनी सायकल अक्कांच्या दारातच ठेवली आणि गाडीत माझ्या शेजारी बसले. मिरजेबाहेर पडताना रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. मी इंजिन बंद केलं. पुढं दोन ट्रक, एक टेम्पो. मालगाडी यायची होती.

सुकुमार काचेतून बाहेर बघत होते.

मी विचारलं, "कुठल्या बाजूला होता तो दगड?"

त्यांनी काच खाली केली आणि हात बाहेर काढून मला ती जागा दाखवली.